ओमा येणार म्हणून टर्की

मी स्वयंपाकातली बाई नाही, पत्रकातली आहे. शिकायला म्हणून नेदरलँड्समध्ये एनस्खेडेला आले, शिक्षण संपलं, आणि आता तिथेच भाडेकरूंच्या एका लहानशा संघटनेत काम करते. घरमालक हीटिंग बंद ठेवतो, भिंतीवर बुरशी चढते, जिन्यातला दिवा महिनोन्महिने लागत नाही, अशा वेळी काय करायचं ते सोप्या शब्दांत लिहायचं, छापायचं आणि दारोदार टाकायचं. चूल हा माझा प्रांत नाही. तरीही थंडी ओसरत आलेल्या एका शनिवारी सकाळी मी देशाच्या दुसऱ्या टोकाला, फोरबर्गला, माझ्या मोठ्या बहिणीच्या ओट्यापाशी उभी होते आणि समोर टर्कीच्या खिम्याची दोन पाकिटं होती. माझ्या सात वर्षांच्या भाचीने यापुढे आईकडे राहायचं की बापाकडे, हे त्या खिम्यावर येऊन ठेपलं होतं.

हे ऐकायला विनोदी वाटतं. दुसऱ्या कुणाच्या घरातलं असतं तर मीही हसले असते.

ताई पुण्याहून आयटीच्या नोकरीवर इकडे आली, इथल्याच एका माणसाशी लग्न केलं, मुलगी झाली, आणि पुढे दोघं भांडी न आपटता वेगळे झाले. मुलगी अर्धा आठवडा आईकडे, अर्धा आठवडा बापाकडे. दोन्ही घरं सायकलच्या अंतरावर. बरं चाललं होतं. मग शाळेच्या तपासणीत मुलीचं वजन जरा कमी भरलं आणि बाप म्हणाला, "माझ्याकडे ती जेवते. तुझ्याकडे जेवत नाही." हे खरं होतं, हीच तर पंचाईत. त्यावरून त्याने पुढची मागणी काढली: शाळेचे दिवस तिने त्याच्याकडे राहावं, आणि ताईकडे एक आड एक शनिवार-रविवार. मंगळवारी दोघं मध्यस्थापुढे बसणार होते आणि तिथे हे ठरणार होतं.

मंगळवारच्या आधी ओमा जेवायला येणार होती. ओमा म्हणजे मुलीची डच आजी, बापाची आई. तिनेच सुचवलं होतं, "मी एकदा तुझ्या घरी तिच्याबरोबर जेवते. जे दिसेल ते मुलाला सांगेन, जसंच्या तसं." तो आईचं ऐकतो. ताईने हो म्हटलं आणि मला फोन केला.

"ही परीक्षा आहे," मी म्हणाले. "कळतंय का तुला? तुझ्या ताटात डोकावायला माणूस पाठवतायत आणि तू म्हणतेस, या."

"परीक्षाच आहे. मी देते परीक्षा. तू येतेस की नाही?"

"येते. पण मी बोलणार."

"तू बोलणार नाहीस. तू कांदा किसणार."

टर्की का, तेही सांगते. भाची ओमाकडे एक पदार्थ हमखास खाते, गेहाक्टब्रोद. खिमा कालवून त्याचा पावासारखा लांबट गोळा करायचा, ओव्हनमध्ये भाजायचा, वरून केचपचा थर द्यायचा आणि सुरीने काप करून वाढायचे. इथे घराघरांत होतो. ओमा पूर्वी तो गाईच्या खिम्याचा करायची. ताई सून म्हणून आली तेव्हा ओमाने कुठेसं वाचलं की हिंदूंना गाय चालत नाही, आणि कुणाला न विचारता ती टर्कीवर आली. ताईला टर्कीही चालत नव्हती, कोंबडीही नाही, अंडं चालायचं ते फक्त केकमध्ये, दिसत नसेल तर. पण ओमाने पहिल्यांदा ताट पुढे करताना "ही टर्की आहे हं" असं इतक्या आनंदाने सांगितलं, की तिला खरं सांगणं सगळ्यांच्याच जिवावर आलं. ताई त्या घरी बटाटे आणि फरसबी खायची आणि पोट भरलं म्हणायची. लग्न संपलं, टर्की राहिली.

आता ताईने ठरवलं होतं की ओमाच्या पुढ्यात तिचाच पदार्थ ठेवायचा. मुलगी तो खाईल, ओमा ते बघेल, आणि मंगळवारी तेच सांगेल. कृती ओमाला विचारायची नाही. "विचारलं की तिला कळणार, मी आयुष्यात केला नाही."

त्यासाठी तिने नवं भांडं, कापायची नवी फळी आणि नवी सुरी आणली होती. काम झालं की हे सगळं बाल्कनीतल्या कपाटात जाणार होतं.

"आणि ओव्हन?" मी विचारलं. "तो पण बाल्कनीत?"

"ओव्हन मी सोड्याने पुसून घेईन."

"म्हणजे शुद्धी."

"तुझं तोंड पण पुसून घेईन त्याच सोड्याने. पाकीट फोड."

पाकीट मी फोडलं नाही. इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी. पुण्यात कॉलेजात असताना आमच्या मेसमध्ये मांसाहारी मुलांना वेगळं टेबल आणि वेगळ्या ताटल्या होत्या. त्याविरुद्धचं पत्रक मी लिहिलं होतं. दुसऱ्याच्या ताटात डोकावणारा माणूस उद्या त्याच्या घरातही शिरेल, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. त्यावरून आमच्या घरात बरेच दिवस अबोला होता. पुढे मी हट्टाने मटण आणि मासे खायला शिकले, पण बाहेर, दुसऱ्याने शिजवलेलं. कच्चं मांस मी कधी हातात घेतलं नव्हतं. त्या ओट्यापाशी एक शाकाहारी बाई आणि एक मांसाहाराची पुरस्कर्ती अशा आम्ही दोघी उभ्या होतो, आणि किळस दोघींना सारखीच येत होती.

शेवटी ताईने पाकीट फोडलं आणि फिकट गुलाबी खिमा चाळणीत ओतला.

"हे कशाला?"

"धुवायला नको?"

ताईने इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या कृतीत धुवा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण आम्ही दोघींनी ते लिहायचं राहिलं असेल असं धरलं. डाळ धुतो, तांदूळ दोनतीन पाण्यांतून काढतो, कोथिंबीर धुतो, बाजारातून आलेली द्राक्षंसुद्धा मिठाच्या पाण्यात बुडवतो. न धुतलेली वस्तू शिजायला जाते, हे आमच्या हातांना पटतच नाही. नळ सोडला, खिमा चाळणीत ढवळला, पाणी स्वच्छ येईपर्यंत ढवळत राहिलो. मग तो लिबलिबीत झाला, म्हणून ताईने श्रीखंडाचा चक्का बांधायचं पांढरं फडकं काढलं, "हे आता बाद" असं त्या फडक्याकडे बघून म्हणाली, आणि दोघींनी दोन टोकं धरून ते पिळलं. टर्कीत जो काही ओलावा होता तो आम्ही स्वतःच्या हातांनी सिंकमध्ये घातला आणि वर समाधानाने एकमेकींकडे बघितलं.

पुढे सगळं त्याच चालीवर झालं. गोळा सुटा वाटला म्हणून बेसन घातलं. बेसन पडल्यावर हात आपोआप मळायला लागले. ताई कणीक मळते तशी मनगट दाबून मळत होती आणि कोथिंबीर वडीचा उंडा वळतो तसा तिने तो गुळगुळीत वळला. कृतीत जायफळ होतं. सगळ्या यादीत तेवढंच आपल्या ओळखीचं, म्हणून ते आम्ही सढळ हाताने किसलं. मग ओव्हन. कृतीतली वेळ झाल्यावर मी म्हटलं, काढू या.

"आत कच्चं राहिलं तर?" ताई म्हणाली. "तिचं पोट बिघडलं तर मंगळवारी मी काय बोलू?"

राहू दिलं. आणखी राहू दिलं. ओव्हनच्या काचेसमोर ती उकिडवी बसून होती. काचेत तिचा चेहरा दिसत होता आणि त्यावर काही चांगलं दिसत नव्हतं.

बाहेर आला तो पदार्थ नव्हता, वीट होती. वरून तडकलेली, कडेने भांड्यापासून सुटलेली. सुरी लावली तर काप पडेना, भुगा पडला. मी एक तुकडा तोंडात टाकला. चावत राहिले, गिळता येईना. पाणी प्यायले.

"कसा आहे?"

"भिंतीला लावता येईल."

ती हसली नाही. घड्याळाकडे बघितलं. दुपार झाली होती, ओमा साडेपाचला मुलीला घेऊन येणार होती, आणि इथे जेवण सहाला असतं म्हणजे सहालाच. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधला टर्कीचा खिमा तिने सकाळीच संपवला होता, ती शेवटची दोन पाकिटं होती. आता एक उरलं होतं.

"ओमाला फोन कर," मी म्हणाले. "विचार, काय चुकलं."

"नाही."

"मग त्याला फोन कर आणि सांग, माझ्या घरी माझ्या पद्धतीचं जेवण होईल, यायचं तर या. तू का त्यांचा पदार्थ करत बसलीस? वरणभात ठेव समोर. तुला नापास करायचा कुणाला अधिकारच नाही, ताई. तू तो अधिकार त्यांना चांदीच्या ताटात वाढून देते आहेस."

"झालं तुझं?"

"नाही झालं. उद्या म्हणतील घरात मराठी बोलू नको. परवा म्हणतील…"

"तिचं घर जाईल," ताई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुझं पत्रक फसलं तर तू दुसरं काढतेस. माझं आज फसलं तर शाळेच्या दिवशी सकाळी तिची वेणी मी घालणार नाही. तो घालेल. त्याला घालताच येत नाही. तुला मुद्दा जिंकायचा आहे ना? जिंक. पण मला खिमा करायला मदत करून मग जिंक."

माझा राग गेला नव्हता, तो फक्त कुठे टाकावा ते कळत नव्हतं. म्हणून कांदा किसायला घेतला.

किसता किसता ताईच बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, विटेशी. ऑफिसात प्रोग्रॅम चालेनासा झाला की ती असंच बोलते. "पाणी आपणच काढलं. मग पीठ घातलं, त्याने उरलेलं शोषलं. मग दाबून दाबून मळलं. मग भाजत बसलो." ती थांबली. "आपण तिला कुठे काही ठेवलंच नाही ओलं राहायला."

दुसरं पाकीट धुतलं नाही. ते न धुता भांड्यात टाकताना ताईने मान दुसरीकडे वळवली, हे मी बघितलं. बेसन परत डब्यात गेलं. त्याऐवजी शिळ्या पावाच्या कडा काढून तो दुधात भिजवला, बटाट्याच्या कटलेटला करतो तसा, पण पिळला नाही, दुधासकट कुस्करून घातला. कांदा लोण्यावर मऊ करून, गार करून घातला. दुधीसारखं दिसणारं हिरवं कुर्जेट किसून घातलं आणि त्याचं पाणी सुटलं ते सुटू दिलं. अंडं, मीठ, मिरपूड, चमचाभर मोहरीचं तयार वाटण. जायफळ या वेळी मी किसत होते आणि ताई "बास, बास" म्हणत होती, तरी हात थोडा पुढे गेला.

मग ती मळायला वाकली आणि मी तिचं मनगट धरलं.

"मळू नको. भेळ कालव."

"काय?"

"भेळवाला कसा कालवतो? बोटांनी वरखाली. चुरमुरे मोडू न देता. तसं."

तिने तसं केलं. नुसती बोटं फिरवली आणि थांबली, थांबणं तिला जड गेलं. गोळा भांड्यात अलगद ठेवला, दाबला नाही, वर केचप लावलं. ओव्हनच्या खालच्या कप्प्यात गरम पाण्याचं ताट ठेवलं, मोदकाच्या पात्रात पाणी ठेवतो त्या विचाराने. आणि वेळ झाल्यावर मी तिला विचारलंच नाही. मधोमध सुरी खुपसली, वर आलेला रस स्वच्छ होता, ओव्हन बंद करून भांडं बाहेर काढलं. लगेच कापायचा नाही असं कृतीत होतं, तेव्हा तो झाकून ठेवला. झाकणाखाली काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि दाराची घंटा वाजली.

मला लोक तोंडाळ म्हणतात. ओमासमोर मी लाजाळू वाटते. ती सायकलवरून आली होती, भाची तिच्या मागून आपल्या छोट्या सायकलवर. कोट काढता काढता ओमा ताईला म्हणाली, "तू थकलेली दिसतेस," आणि मला म्हणाली, "तू म्हणजे ती चळवळी मावशी."

"हो."

"माझ्या माडीवर एक विद्यार्थिनी भाड्याने राहते. मी तुझी शत्रू का?"

"हीटिंग चालू असतं?"

"असतं."

"मग आज नाही."

ओमाने मान हलवली, म्हणजे उत्तर चाललं. भाची तेवढ्यात माझ्या कमरेला मिठी मारून गेली. मी मराठीत विचारलं, भूक लागली का गं, तिने डचमध्ये सांगितलं, थोडी. ते "थोडी" ताईने ओट्यापाशी ऐकलं आणि तिच्या हातातला चमचा क्षणभर थांबला.

सहाला बसलो. कुस्करलेला बटाटा, फरसबी, काकडीची कोशिंबीर, आणि मध्ये ते भांडं. ताईने झाकण काढलं, सुरी लावली. काप पडला. सबंध पडला. सुरीला ओल लागली होती. मी टेबलाखाली स्वतःच्या गुडघ्यावर मूठ आपटली, कुणाला दिसणार नाही अशी.

ओमाने घास घेतला, चावला, वेळ घेतला. "रसाळ आहे," ती म्हणाली. "माझा कधी कधी कोरडा होतो." मग ताईच्या ताटाकडे बघितलं. त्यात बटाटा, फरसबी, कोशिंबीर.

भाचीने केचपची बाजू आधी खाल्ली. मग एक कोपरा तोडला. ओमाने मला बुरशीबद्दल काहीतरी विचारलं, माडीवरच्या न्हाणीघरात काळे डाग येतात म्हणाली, आणि मी घरमालकांना सांगते तेच तिलाही सांगायला लागले: खिडकी उघडी ठेवा हे उत्तर नव्हे, भिंत बघा. आम्ही दोघी त्यात रंगलो. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं, भाचीचा काप कमी होत चाललाय. अर्ध्यापाशी आला. मग काटा थांबला. ती फरसबीच्या शेंगा ताटाच्या कडेला ओळीने लावायला लागली.

ताई दुसरीकडे कुठेही बघत नव्हती. सगळा वेळ ती त्या ताटाकडे बघत होती. स्वतःच्या ताटातलं तिने काहीही खाल्लं नव्हतं.

आणि मग तिचा उजवा हात पुढे गेला. भाचीच्या ताटातला काप तिने बोटांनी मोडला, थोडा बटाटा लावला, घास केला आणि तिच्या तोंडापाशी नेला. "एकच," ती मराठीत म्हणाली. "हा एकच, मग बास."

आपल्याकडे याला नाव द्यायचीही गरज पडत नाही. आई भरवते. पोर अंगणात पळत असतं आणि आई ताट घेऊन मागे पळत असते. मुलगी सात वर्षांची झाली म्हणून कुणी थांबत नाही, परीक्षेच्या सकाळी तर कॉलेजातल्या मुलालाही भरवतात. ताईने तो हात विचार करून उचलला नव्हता.

भाचीने ओठ मिटले. नुसते मिटले नाहीत, आत ओढून घेतले. डोळे ओमाकडे गेले. मग ती डचमध्ये, हळूच म्हणाली, "ममा, नको ना."

घास हवेतच राहिला.

ओमाने काटा ताटाशेजारी ठेवला. "तू हे नेहमी करतेस?"

ताईच्या आधी उत्तर भाचीने दिलं. "रोज."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे सगळं तयार होतं: संस्कृती, हाताने जेवण, कुणाच्या आईपणाचं माप कुणाच्या काट्याने घ्यायचं. पहिला शब्द बाहेर पडला आणि ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू गप्प." मग ओमाकडे वळून आपल्या खडबडीत डचमध्ये बोलायला लागली. हात अजून तसाच होता.

"हो. रोज. मला माझ्या आईने असंच वाढवलं. ही जेवली नाही की मला वाटतं, तुम्ही तिला नेणार. तसं वाटलं की मी भरवते. मी भरवलं की ती तोंड मिटते. मग ती जेवत नाही." ती थांबली, शब्द शोधला, सापडला नाही. "हे मला माहीत आहे. तरी हात जातो."

खाली रस्त्यावरून ट्राम गेली.

"मग तो हात खाली घे," ओमा म्हणाली. कठोरपणे नव्हे, मवाळपणेही नव्हे. दार लाव म्हणावं तसं.

आता प्रश्न त्या घासाचा होता. मुलीच्या ओठांना लागलेला घास परत ताटात ठेवत नाहीत, आणि टाकून तर देतच नाहीत. ताईने त्याच्याकडे बघितलं. मला कळलं ती काय करणार, आणि मी थांबवू शकले नाही. तिने तो स्वतःच्या तोंडात घातला.

ती चावत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिने गिळलं.

भाची थक्क होऊन बघत होती. "ममा, तू टर्की खाल्लीस."

"हो."

"कशी आहे?"

ताईने पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. "जायफळ जास्त झालंय," ती म्हणाली.

भाचीने आपल्या ताटातला एक तुकडा काट्याने उचलला आणि चव तपासायची म्हणून तोंडात टाकला. मग मान डोलावली. खरंच जास्त झालं होतं. त्यानंतर तिने आणखी दोनतीन घास खाल्ले, बाकीचं सोडलं आणि उठून सोफ्यावर गेली.

ओमा ताईकडे बघत होती. "तू टर्की खात नाहीस," ती म्हणाली. "कधीच खाल्ली नाहीस. माझ्याकडेही नाही."

"नाही."

"आणि मी इतकी वर्षं…" तिने वाक्य पुरं केलं नाही. नॅपकिनची घडी घातली. "मंगळवारच्या आधी तो मला विचारेल. मी सांगेन: जेवण चांगलं होतं. मुलगी अर्ध्याहून जास्त जेवली. आणि आई भरवते, रोज, मुलीला ते नको आहे."

"सगळं सांगणार?" ताई म्हणाली.

"जे दिसलं ते सांगेन म्हटलं होतं."

इथे मी गप्प राहिले नाही. ताईने माझ्या पायावर पाय दिला तरी राहिले नाही. "मग एक न दिसलेलंही सांगा," मी म्हणाले. "ती तुमच्याकडे जेवते, कारण तुमच्याकडे जेवली नाही तर तिचं घर बदलत नाही. इथे तिच्या प्रत्येक घासावर घर टांगलेलं आहे. ते कुणी टांगलं? ताईने नाही. आधी ते काढा, मग मोजा, कोणाकडे किती खाते."

ताईने डोळे मिटले होते. ओमाचा चेहरा हलला नाही. मला वाटलं, संपलं, सकाळपासून केलेलं सगळं मी एका मिनिटात बुडवलं.

"पुन्हा सांग," ओमा म्हणाली. "सावकाश. तू फार भरभर बोलतेस."

मी पुन्हा सांगितलं. माझं डच दुसऱ्या वेळी आणखी वाईट झालं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग उठली, आपलं ताट सिंकमध्ये ठेवलं, नातीला सोफ्यावर पापा दिला आणि कोट घातला. दारात ताईला म्हणाली, "आतून उत्तम ओला होता." आणि जिना उतरून गेली. त्या रात्री मुलगी ताईकडेच होती. ताईने तिला झोपवलं आणि ओव्हन पुसला. माझ्याशी ती सकाळपर्यंत बोलली नाही.

मंगळवारी मी एनस्खेडेला कामावर होते. दुपारी ताईचा फोन आला. ओमाने मुलाला सगळं सांगितलं होतं, भरवण्याचंही आणि माझंही. माझं वाक्य तिने मी म्हटल्यापेक्षा बरं म्हटलं असावं, कारण त्याने मागणी मागे घेतली नाही, पण पुढे ढकलली. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत दिवस आहेत तसेच राहणार. तोवर दोन्ही घरांत मुलीच्या जेवणाबद्दल कुणी काही बोलायचं नाही, किती खाल्लं, काय उरलं, काहीच नाही. आणि दर गुरुवारी ओमा ताईकडे जेवायला येणार.

"पाळत," मी म्हणाले.

"जेवण," ताई म्हणाली. "या गुरुवारी वरणभात. तिनेच मागितला. तू येतेस का?"

गेले. ओमाने वरणभात काट्याने खाल्ला आणि लिंबाची फोड बाजूला ठेवली. ताई उजवा हात मांडीखाली दाबून बसली होती आणि डाव्या हाताने चमच्याने जेवत होती, उजव्यावर तिचा भरवसा नव्हता. भाचीने थोडा भात खाल्ला, थोडा नुसता पसरला, आणि झालं म्हणाली. ताटात निम्मा उरला होता. आपल्या घरात तसं ताट उचलायची रीत नाही, पान टाकून उठणारं पोर मी आमच्याकडे कधी पाहिलं नाही. ताईच्या कपाळावरची शीर दिसत होती. तिने ताट उचललं, कचऱ्याच्या डब्यापाशी गेली, आणि भात त्यात घातला. एक शब्द न बोलता.

ओमा गेल्यावर भांड्यात उरलेला वरणभात डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला आणि आम्ही दोघी सिंकपाशी भांडी घासत होतो. पाठीमागे छोटी पावलं वाजली. मग फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, डब्याचं झाकण निघाल्याचा, आणि चमच्याचा. ताईने नळ थोडा बारीक केला. आम्ही दोघींनी मागे वळून बघितलं नाही.